वजनाची सुई लिहून देण्याआधी : फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या गावोगावच्या फॅमिली डॉक्टरांना,

सप्रेम नमस्कार.

मी कराड तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात मेडिकल चालवते. बी. फार्म. झाल्यावर वडिलांच्या दुकानात उभी राहिले, त्याला आता बावीस वर्षं झाली. तुमची चिठ्ठी घेऊन माणूस दवाखान्यातून निघतो आणि माझ्या काउंटरपाशी येऊन थांबतो. तुम्हाला विचारायचे राहून गेलेले प्रश्न तो मला विचारतो. त्यातलाच एक प्रश्न तुमच्यापर्यंत पोचवावा म्हणून हे लिहिते आहे.

गेल्या महिन्यात एक बाई आल्या. अंगणवाडीत काम करतात, चाळिशी ओलांडलेली, वजन ९२ किलो, दोन्ही गुडघे धरलेले. चिठ्ठीवर टिर्झेपॅटाइड २.५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, चार आठवडे. पर्समधून पैसे काढून मोजता मोजता म्हणाल्या, "ताई, यंदा भिशीचा नंबर माझा लागला. चार सुया बसतात त्यात बरोबर. चार झाल्या की संपलं ना?"

मला काय बोलावं सुचेना. चिठ्ठीत चूक काहीच नव्हती. हे औषध २.५ वर चार आठवडे, असंच सुरू करायचं असतं. पण तो डोस शरीराला सवय लागावी म्हणून असतो. वजन उतरवणारे डोस पुढचे, ५ पासून चढत १५ पर्यंत जाणारे. म्हणजे औषध खऱ्या अर्थाने सुरू होण्याआधीच बाईंची भिशी संपणार होती. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नव्हतं, कारण काय विचारायचं हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

डॉक्टरसाहेब, डॉक्टर ताई, माझी विनंती एवढीच आहे. वजनाच्या औषधाची पहिली चिठ्ठी लिहिण्याआधी या औषधांची तुलना पेशंटसमोर मराठीत मांडा. एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, तुमच्यासमोर मांडतात ती नव्हे. त्यांच्या कागदावर एकच रकाना मोठा असतो, किती टक्के वजन उतरलं. तो रकाना खरा आहे, म्हणून मीही सुरुवात तिथूनच करते.

२०२५ मध्ये सरमाउंट-५ या चाचणीचे निकाल आले. डायबेटीस नसलेले ७५१ लठ्ठ लोक, निम्म्यांना टिर्झेपॅटाइड, निम्म्यांना सेमाग्लुटाइड ही वजनाची दुसरी आठवड्याची सुई, ७२ आठवडे. टिर्झेपॅटाइडवाल्यांचं वजन सरासरी २०.२ टक्के उतरलं, सेमाग्लुटाइडवाल्यांचं १३.७ टक्के. कमरेचा घेर १८.४ सेंटीमीटर विरुद्ध १३. कुणाला कोणतं औषध चाललंय हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही माहीत होतं, आणि खर्च टिर्झेपॅटाइड बनवणाऱ्या कंपनीचा होता. त्याने आकडा खोटा ठरत नाही, पण पेशंटला ही गोष्टही कळायला हवी. त्याआधी २०२२ मध्ये सेमाग्लुटाइड आणि लिराग्लुटाइड यांची अशीच समोरासमोर गाठ पडली होती. ३३८ लोक, ६८ आठवडे, सेमाग्लुटाइड १५.८ टक्के, रोज टोचायचं लिराग्लुटाइड ६.४ टक्के.

आता या आकड्यांकडे जरा थांबून पाहा. सेमाग्लुटाइडचा आकडा एका चाचणीत १५.८, दुसऱ्या चाचणीत १३.७, आणि २०२१ च्या पहिल्या मोठ्या चाचणीत १४.९. औषध तेच, माणसं वेगळी. म्हणून या चाचणीतला एक आकडा आणि त्या चाचणीतला दुसरा आकडा शेजारी शेजारी छापून 'आमचं सरस' म्हणणारी पत्रकं मला पटत नाहीत. समोरासमोर झालेली तुलना तेवढी तुलना मानावी.

आणि सरासरी म्हणजे तुमचा पेशंट नव्हे. २०२१ च्या त्याच चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्या १०० तल्या ८६ जणांचं वजन ५ टक्के किंवा त्याहून जास्त उतरलं, ३२ जणांचं तर २० टक्क्यांहून अधिक. उरलेल्या चौदा जणांचं ५ टक्केसुद्धा नाही. ते चौदा माझ्याकडे येतात तेव्हा खाली मान घालून येतात. "माझंच काहीतरी चुकलं असणार," म्हणतात. औषध प्रत्येकाला सारखं लागू पडत नाही, हे त्यांना पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर ती मान खाली गेली नसती.

माझ्या अंगणवाडीच्या बाईंसाठी मी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. ९२ किलोचे २० टक्के म्हणजे साधारण साडेअठरा किलो. पावणेचौदा टक्के म्हणजे साडेबारा. त्यांच्या गुडघ्यांना दोन्हींनी फरक पडेल. सेमाग्लुटाइडची गुडघ्याच्या झिजेवर वेगळी चाचणीच झाली आहे, २०२४ ची, आणि त्यात दुखणं खरोखर कमी झालं. मग प्रश्न 'सर्वांत जास्त कशाने उतरेल' असा उरत नाही. मला पुरेल एवढं कशाने उतरेल, आणि ते मी किती वर्षं चालवू शकेन, असा होतो.

ऑर्लिस्टॅट ही वजनाची जुनी गोळी. तुम्ही आता ती फारशी लिहीत नाही, तरी कोपऱ्यातल्या फळीवर ते आहे आणि चिठ्ठीशिवाय मागायला येणारेही आहेत. जेवणातल्या चरबीपैकी सुमारे ३० टक्के ते आतड्यात शोषू देत नाही, बाकी काही करत नाही. दिवसाला ६० ग्रॅम तेलतूप खाणाऱ्याच्या पोटातून १८ ग्रॅम वाया जातं, म्हणजे जेमतेम १६० कॅलरी. आणि आपल्या ताटात जड बाजू भात, भाकरी, चपाती, साखर यांची. देशभर पाहिलं तर आपल्या खाण्यातल्या ६० टक्क्यांहून जास्त कॅलरी कर्बोदकांतून येतात, आणि त्यांच्यावर या गोळीचा काही इलाज नाही. चार वर्षं चाललेल्या चाचणीत ऑर्लिस्टॅटवाल्यांचं ५.८ किलो उतरलं, नुसता आहार-व्यायाम करणाऱ्यांचं ३ किलो. फरक तीन किलोंहून कमी. मात्र डायबेटीस होण्याचं प्रमाण त्यांच्यात ३७ टक्क्यांनी घटलं, हेही सांगायला हवं. आणि मिसळीची तर्री किंवा लग्नातलं जेवण झाल्यावर कपडे खराब होतील इतकं तेलकट शौचाला होतं, हे तर आधी सांगितलंच पाहिजे. दुकानात परत येऊन हे सांगताना बायकांचे डोळे भरून येतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं लांबण लावलं तिच्याकडे येते.

मी दुकानात नवीन असताना सिबुट्रामिन ही वजनाची गोळी जोरात चालायची. माझी सख्खी मावशी ती घ्यायची. बीपी होतं, एकदा छातीत दुखून दवाखान्यात राहून आलेली, तरी घ्यायची, कारण वजन उतरत होतं आणि उतरतंय म्हणजे बरं होतंय असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. गोळ्या मीच तिच्या हातात ठेवत होते. मग २०१० मध्ये स्काउट चाचणी आली. हृदयविकार किंवा डायबेटीस असलेले सुमारे ९,८०० लोक. सिबुट्रामिन घेणाऱ्यांपैकी ११.४ टक्क्यांना हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारखं काही झालं, न घेणाऱ्यांपैकी १० टक्क्यांना. वजन उतरलं आणि धोका वाढला. युरोपने आणि अमेरिकेने त्याच वर्षी ती बाजारातून काढली, भारतात २०११ च्या फेब्रुवारीत बंदी आली. त्याआधी रिमोनाबंट हे वजनाचंच औषध नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांपायी गेलं, त्याच्याही आधी, १९९७ मध्ये, फेनफ्लुरामिन हृदयाच्या झडपा बिघडवल्यामुळे. मावशीला पुढे काही झालं नाही. पण फळीवरचे उरलेले बॉक्स परत पाठवायला बांधले तो दिवस मी विसरलेले नाही.

म्हणून २०२३ मध्ये सेमाग्लुटाइडची सिलेक्ट चाचणी आली तेव्हा मी ती दोनदा वाचली. प्रश्न स्काउटसारखाच होता, हृदयविकार आधीपासून असलेल्या माणसांचं काय होतं? ४५ वर्षांवरचे १७,६०४ लोक, डायबेटीस नसलेले, सरासरी तीन वर्षांहून जास्त काळ. औषध न मिळालेल्यांपैकी ८ टक्क्यांना हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू. औषध मिळालेल्यांपैकी ६.५ टक्क्यांना. उत्तर सिबुट्रामिनच्या नेमकं उलट. जाहिरातीत हे '२० टक्के घट' म्हणून येतं. शंभर माणसांमागे दीड माणूस वाचला, असंही सांगता येतं. दोन्ही खरं आहे, आणि पेशंटला दोन्ही सांगावं.

टिर्झेपॅटाइडची हृदयाची मोठी चाचणी डायबेटीसवाल्यांवर झाली आणि ड्युलाग्लुटाइड या आधीच्या औषधापेक्षा ते कमी पडत नाही असं दिसलं. पण डायबेटीस नाही, अटॅक येऊन गेला आहे, वजन जास्त आहे, अशा माणसासाठी आज थेट पुरावा सेमाग्लुटाइडचा आहे. उलट रात्री घोरून घोरून श्वास अडकणाऱ्या लठ्ठ माणसासाठी पुरावा टिर्झेपॅटाइडचा. अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये त्यासाठी त्याला मान्यताही मिळाली. टक्क्यांच्या एकाच रकान्यात हे काही मावत नाही. समोर बसलेला माणूस कोण आहे यावर औषधांचा क्रम बदलतो.

मग सर्वांत अवघड गोष्ट, औषध थांबवणं. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर एका वर्षात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. टिर्झेपॅटाइड ३६ आठवडे देऊन मग ज्यांचं थांबवलं त्यांचं वजन पुढच्या वर्षभरात १४ टक्के वाढलं. ज्यांचं चालू ठेवलं त्यांचं आणखी साडेपाच टक्के उतरलं. बीपीची गोळी बंद केली की बीपी चढतं, तसंच हे. बीपीच्या बाबतीत आपण पेशंटला दोष देत नाही. वजन परत आलं की मात्र सगळं गाव देतं, घरचेही देतात. ही औषधं भुकेचं आणि पोट भरल्याच्या जाणिवेचं मेंदूतलं गणित बदलतात, औषध गेलं की ते गणित पूर्वपदावर येतं. यात कुणाच्या जिभेचा किंवा निश्चयाचा दोष नाही. तुमच्या तोंडून हे एक वाक्य निघालं तर त्याचं वजन माझ्या दहा वाक्यांपेक्षा जास्त आहे.

पैशाचा हिशेबही त्याच जोडीने मांडायला हवा, महिन्याचा नव्हे, वर्षाचा. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपॅटाइड भारतात आलं तेव्हा आठवड्याची ५ मिलिग्रॅमची व्हायल ४,३७५ रुपयांना होती. वर्षाच्या ५२ म्हणजे सव्वादोन लाखांच्या वर. वजनासाठीचं सेमाग्लुटाइड त्याच वर्षी जूनमध्ये आलं, महिना १७,३४५ पासून २६,०१५ रुपयांपर्यंत. नोव्हेंबरात कंपनीने भाव ३७ टक्क्यांपर्यंत खाली आणले. मार्च २०२६ हा सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट संपण्याचा महिना. देशी कंपन्या उतरल्या की भाव आणखी पडेल, याचा मला मनापासून आनंद आहे, कारण आजवर ही औषधं फक्त कराड-साताऱ्याच्या बंगल्यांत पोचत होती. पण भाव पडला की चिठ्ठ्या वाढणार, आणि समजावून सांगायला तुमच्याकडे असलेला वेळ काही वाढणार नाही. म्हणून हे पत्र आत्ता लिहिते आहे.

आपल्या अंगकाठीबद्दलही बोलायला हवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला फोटो तुम्ही पाहिला असेल. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. काटकुळ्या दिसणाऱ्या आपल्या माणसांत चरबी जास्त, स्नायू कमी. त्यामुळे आपल्याकडे लठ्ठपणा बीएमआय २५ पासून धरतात, आणि बायकांची कंबर ८० सेंटीमीटर, पुरुषांची ९० च्या पुढे गेली की सावध व्हायचं. या औषधांच्या मोठ्या चाचण्या मात्र बीएमआय ३० च्या वर, किंवा २७ आणि सोबत दुसरा आजार, अशांवर झाल्या. २५ ते २७ मधल्या माणसाला लिहून देताना आपण चाचणीच्या चौकटीबाहेर आहोत, हे त्याला कळू द्या.

स्नायूंचंही तसंच. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत काही जणांचं स्कॅन केलं, तेव्हा उतरलेल्या वजनात चाळीसेक टक्के वाटा चरबीचा नव्हताच. ज्यांच्याकडे मुळात स्नायू कमी, त्यांना हे जास्त महाग पडेल अशी मला भीती वाटते. आमच्याकडच्या बायका सुई सुरू झाली की काय खातात माहीत आहे? मळमळ होते म्हणून दुपारचं जेवण टाकतात आणि संध्याकाळी चहा-बिस्किटावर भागवतात. उसळ, डाळ, अंडं, दही आधी, भाकरी नंतर, एवढं जरी चिठ्ठीच्या मागे लिहिलंत तरी पुष्कळ झालं. आणि वजनं उचलायचा व्यायाम म्हणजे काय हे दाखवा. पाण्याचा पाच लिटरचा कॅनही चालतो.

लग्नसराईत वेगळीच गर्दी असते. चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुली, वजन ५८-६० किलो, हळदीच्या आधी पाच किलो उतरायला हवं. त्यांना मी परत पाठवते, आणि तुम्हीही पाठवा अशी हात जोडून विनंती. ज्यांना खरंच गरज आहे त्यांना तरी दोन गोष्टी नक्की सांगा. गर्भनिरोधक गोळी चालू असताना टिर्झेपॅटाइड सुरू केलं, किंवा डोस वाढवला, तर पुढचे चार आठवडे गोळीवर भरवसा ठेवता येत नाही, दुसरं साधन हवं. आणि मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवायचं. पीसीओडी असलेल्या मुलीचं वजन उतरलं की पाळी सुधारते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. हे न सांगितल्यामुळे रडवेली होऊन प्रेग्नन्सी किट घ्यायला आलेली मुलगी मी पाहिली आहे.

मळमळ, उलटी, जुलाब, बद्धकोष्ठ यांबद्दल तुम्ही सांगताच. पण पोटात सहन न होणारी, पाठीकडे जाणारी कळ आली तर सुई थांबवून लगेच यायचं, डायबेटीसची ग्लिमेपिराइड गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर शुगर एकदम उतरू शकते, ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञांना सुईबद्दल सांगायचं, घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर झाला होता का, या गोष्टी चिठ्ठीच्या घाईत राहून जातात.

आणखी एक. कित्येक बायका सुई फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे लपवून ठेवतात. सासूला कळू नये, नवऱ्याला कळू नये. वजन कमी करायला औषध घेणं म्हणजे आळशीपणा, असं घरात ऐकावं लागतं म्हणून. आजार लपवून औषध घेणारा माणूस साइड इफेक्टही लपवतो. नवऱ्याला एकदा सोबत बोलवा. लठ्ठपणा हा आजार आहे, हे त्याने तुमच्या तोंडून ऐकू द्या.

तुमच्या ओपीडीत सकाळच्या वेळी किती गर्दी असते ते मी रस्त्याच्या पलीकडून रोज पाहते. म्हणून फार मागत नाही. वजनाच्या औषधाच्या पहिल्या भेटीला पंधरा मिनिटं द्या, हवं तर दुपारी बोलवा. चिठ्ठीवर कंबर आणि बीएमआय लिहा, औषध कशासाठी ते लिहा, पुढचे डोस कसे चढतील ते लिहा, म्हणजे मला वर्षाचा अंदाजे खर्च काढून देता येईल. पूर्ण डोसवर काही महिने काढूनही ५ टक्के वजन उतरलं नाही तर काय करायचं, आणि परवडलं नाही तर कसं थांबायचं, हे आधीच ठरवून घ्या. तुलनेचा एकपानी कागद मराठीत मी स्वखर्चाने छापून द्यायला तयार आहे, तुम्ही फक्त तपासून द्या. आमच्या गावातल्या तीन डॉक्टरांना मी हे तोंडी विचारलं आहे, दोघांनी हो म्हटलं.

अंगणवाडीच्या बाईंना मी त्या दिवशी सुई दिली नाही. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी मनावर घेतलं, येत्या गुरुवारी दुपारी तीनची वेळ दिली. भिशीचे पैसे बाईंनी पोस्टात ठेवले आहेत. काल त्या दुकानात आल्या, अंगणवाडीच्या वहीच्या पानावर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून आणले होते, मला दाखवायला. सात प्रश्न होते. सातवा असा : 'सुई बंद केल्यावर भूक परत आली तर मी कुणाकडे यायचं?'

आपली,
एक औषध विक्रेती
कराड तालुका, जिल्हा सातारा